४५ दिवस, पण कोणत्या तारखेपासून?



उधारी-वसुलीच्या शीटवरचा व्हिडिओ टाकला की त्याखाली एक प्रश्न हमखास येतो, "सर, तारखेचा फॉर्म्युला चालत नाहीये." गंमत म्हणजे ज्यांचा फॉर्म्युला चालत नाही, त्यांची मला फारशी काळजी वाटत नाही. स्क्रीनवर लाल एरर दिसते, माणूस विचारतो, आपण दुरुस्त करतो, विषय संपतो. काळजी वाटते ती ज्यांचा फॉर्म्युला व्यवस्थित चालतोय आणि रोज चुकीचं उत्तर देतोय त्यांची. ते विचारायला येतच नाहीत, कारण त्यांना माहीतच नसतं.

असा एक फॉर्म्युला मी शेंद्र्यात पाहिला. आज त्याच्याबद्दल बोलू आणि त्या निमित्ताने माझं एक ठाम मतही सांगतो. ज्याचे पैसे अडकलेत, तारखेचा कॉलम त्याने स्वतः समजून घेतला पाहिजे. हे काम अकाउंटंटवर, सीएवर किंवा व्हॉट्सअपवर आलेल्या रेडिमेड शीटवर सोडून चालत नाही.

बारा तारखेनंतरची बिलं कुठे गेली?

छत्रपती संभाजीनगरहून जालना रोडने निघालात की चिकलठाण्याच्या पुढे शेंद्रा एमआयडीसी लागते. २००१ पासून तिथे स्कोडाचा कारखाना आहे, आता शेजारी ऑरिक उभं राहिलंय. मोठ्या कंपन्यांची नावं रस्त्यावरूनच दिसतात. पण या कंपन्यांना, त्यांच्या व्हेंडरला आणि त्या व्हेंडरच्या व्हेंडरला पार्ट पुरवणारे छोटे गाळे आत गल्लीत असतात. दोन मशीन, पाच-सहा माणसं, आणि मालकच सकाळी मशीनवर, दुपारी टेम्पोत आणि रात्री लॅपटॉपवर.

अशाच एका गाळ्यात मी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो. मालक पोरगा हुशार. माझ्या बॅचमध्ये शिकून गेलेला. म्हणाला, "सर, शीट म्हणते फक्त सात बिलं थकलीत. मग पगाराला पैसे का नाहीत?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी शीट उघडली. बिलाची तारीख, पार्टी, रक्कम, किती दिवस झाले आणि शेवटी लाल-हिरवा रंग. दिसायला झकास. मी फक्त दिवसांच्या कॉलमवरून बोट फिरवत खाली आलो आणि एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक महिन्यात १ ते १२ तारखेपर्यंतच्या बिलांसमोर दिवस होते. १३ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या बिलांसमोर काहीच नव्हतं. सेल रिकामे.

तुमच्यापैकी काहींना उत्तर कळलं असेल. वर्षात महिने किती? बारा.

लॅपटॉप सेकंडहँड घेतलेला. त्यात तारखेची सेटिंग अमेरिकन पद्धतीची होती, म्हणजे आधी महिना, मग दिवस. आपल्या पोराने १३/०७/२०२५ टाइप केलं. एक्सेलने विचार केला, तेरावा महिना? असा महिनाच नसतो. म्हणून त्याने ती तारीख मानलीच नाही, साधी अक्षरं म्हणून ठेवून दिली. अक्षरांमधून दिवस कसे मोजणार? तिथे एरर आली. आणि ती एरर कुणालाच दिसली नाही, कारण शीट बनवणाऱ्याने वरून इफएरर लावलं होतं. एरर आली की सेल रिकामा दाखव! म्हणजे महिन्यातली निम्म्याहून जास्त बिलं शीटने मुकाट्याने गिळली होती.

मग १ ते १२ तारखेची बिलं तरी बरोबर होती का? नाही ना! ५ जुलैचं बिल, म्हणजे ०५/०७/२०२५, एक्सेलने ७ मे म्हणून घेतलं. १ सप्टेंबरला त्याचे खरे दिवस ५८ भरतात, शीट ११७ दाखवत होती. आणि खरंच ७ मेचं जे बिल होतं ते ५ जुलै झालं. म्हणजे ११७ दिवस थकलेल्या बिलासमोर ५८. १० ऑगस्टचं बिल ८ ऑक्टोबरचं झालं, अजून न आलेल्या तारखेचं. त्यासमोर उणे ३७ दिवस आणि छान हिरवा रंग.

आता यातली सगळ्यात वाईट गोष्ट सांगतो. त्याने शीट बनवल्यावर एक बिल तपासून पाहिलं होतं. ते निघालं ८ ऑगस्टचं. ०८/०८ उलटं करा की सुलटं, तेच! तपासणी पास झाली.

या गोंधळात त्याने एका पार्टीला मुदतीतल्या बिलासाठी कडक मेसेज टाकला होता आणि नंतर फोन करून सॉरी म्हणावं लागलं होतं. दुसरीकडे ज्यांच्याकडे खरंच पैसे थकले होते, त्यांना दोन-अडीच महिने साधा फोनही गेला नव्हता. पार्टीने स्वतःहून कशाला आठवण काढावी?

शीटला तारीख म्हणजे काय वाटतं

इथे दोन मिनिटं थांबा, कारण हे एकदा डोक्यात बसलं की तारखेचे निम्मे प्रॉब्लेम तुमचे तुम्ही सोडवाल.

एक्सेलसाठी तारीख हा फक्त एक आकडा असतो. १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि तिथून रोज एकेक वाढत जातो. १ एप्रिल २०२५ म्हणजे ४५७४८. ५ जुलै २०२५ म्हणजे ४५८४३. आपल्याला दिसते ती तारीख हा त्या आकड्याला घातलेला सदरा. म्हणूनच दोन तारखांची वजाबाकी करता येते आणि तारखेत ४५ मिळवता येतात.

यातून पहिली तपासणी निघते. तारखेच्या कॉलमचं अलाइनमेंट काढून टाका, म्हणजे डावीकडे-उजवीकडे आपण काहीच सांगायचं नाही. खरी तारीख आपोआप उजवीकडे सरकते, अक्षरं डावीकडे चिकटतात. आपल्याकडे हाताने लिहिताना ५.७.२०२५ असे टिंब द्यायची सवय आहे. तसं टाइप केलंत तर तेही आपल्या नेहमीच्या सेटिंगमध्ये अक्षरंच होतात. बाजूच्या कॉलममध्ये =इझनंबर(सी२) लिहून खाली ओढा. जिथे फॉल्स आलं तिथे तारीख नाही. (फॉर्म्युले इथे वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिलेत. शीटमध्ये ते इंग्रजीतच टाकायचे, व्हिडिओत स्क्रीनवर दिसतात तसे.)

पण ही तपासणी पुरेशी नाही, हेही लक्षात ठेवा. उलटी झालेली तारीख हा आकडाच असतो, त्यामुळे तिथे ट्रू येणार. तिच्यासाठी दुसरा उपाय. तारखेचा फॉरमॅट असा निवडा की महिना अक्षरांत दिसेल. ०५/०७ बघून डोळा फसतो. '०७-मे' दिसलं की तुम्हीच म्हणाल, अरे, मे महिन्यात आपण हा पार्ट बनवतच नव्हतो. टाइप करतानाही महिना इंग्रजी अक्षरांत टाकायची सवय लावा. मग लॅपटॉप अमेरिकेचा असो की करमाडचा, गोंधळ होत नाही.

आणि एक इशारा. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन सेटिंग भारताची केलीत किंवा गुगल शीट्समध्ये लोकेल इंडिया केलंत, तरी आधीच उलट्या झालेल्या तारखा आपोआप सुलट्या होत नाहीत. सेटिंग पुढच्या एंट्रीसाठी असते. अक्षरं होऊन बसलेल्या तारखा टेक्स्ट टू कॉलम्समध्ये दिवस-महिना-वर्ष हा क्रम देऊन सुधारता येतात. उलट्या झालेल्यांसाठी मात्र माझा सल्ला साधा आहे, चलानची फाइल काढा आणि शेजारी बसून पुन्हा एंट्री करा. आम्ही त्या दिवशी तेच केलं. चहाचे तीन राउंड झाले, पण शीट खरी झाली.

इफएरर: वसुलीच्या शीटमध्ये बंदी

माझ्या या मतावर वाद होतो, तरी बोलतो. वसुलीच्या शीटमध्ये इफएरर लावून एरर रिकामी दाखवू नका. कधीच नको.

"सर, बँकेला शीट दाखवायची असते, एरर वाईट दिसते." मान्य. मग बँकेसाठी वेगळी कॉपी करा. तुमच्या रोजच्या शीटमधली एरर म्हणजे मशीनचा खडखडाट आहे. आवाज येतोय म्हणून कानात कापूस घालणारा टर्नर तुम्ही कामावर ठेवाल का? अगदीच लावायचं असेल, तर रिकाम्या जागेऐवजी 'तारीख तपासा' असे शब्द येऊ द्या. म्हणजे निदान कुणीतरी तपासेल.

रिकाम्या सेलचं अजून एक प्रकरण आहे, आणि ते याहून छुपं आहे. समजा सी कॉलममध्ये माल पोचल्याची तारीख आहे आणि ई कॉलममध्ये पैसे आल्याची. बरेच जण लिहितात:

=इफ(ई२-सी२<=४५,"मुदतीत","उशीर")

पैसे आले असतील तर उत्तर बरोबर. पण पैसे आलेच नसतील तर? ई२ रिकामा. रिकामा सेल वजाबाकीत शून्य धरला जातो. शून्य वजा ४५८४३ म्हणजे उणे ४५८४३. ही संख्या ४५ पेक्षा लहान आहे की नाही? आहे! मग शीट म्हणणार 'मुदतीत'. ज्या पार्टीने एक रुपयाही दिला नाही, तिला तुमची शीट वेळेत पैसे देणारी पार्टी ठरवते. म्हणून असं लिहा:

=इफ(ई२="",टुडे(),ई२)-सी२

पैसे आले नसतील तर आजपर्यंतचे दिवस मोज, आले असतील तर त्या दिवसापर्यंतचे. ही एक ओळ लक्षात ठेवलीत तरी आजचं वाचणं वसूल.

'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' विचारताना

आता दोन तारखांच्या मधली बिलं शोधायची. एप्रिल ते मार्चचा धंदा किती, या तिमाहीत किती माल गेला, हे सगळे प्रश्न याच जातीचे. इथे चार चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली. आपण बोलतो तसंच लिहितो: एच१<=सी२<=एच२. शाळेच्या गणितात चालतं, एक्सेलमध्ये नाही. ते आधी पहिली तुलना करतं, उत्तर ट्रू किंवा फॉल्स येतं, मग त्या ट्रू-फॉल्सची तुलना तारखेशी करत बसतं. उत्तर कायम फॉल्स. दोन अटी वेगळ्या द्या: =अँड(सी२>=एच१,सी२<एच२).

दुसरी. फॉर्म्युल्यात थेट सी२>=१/४/२०२५ लिहिणं. तुम्हाला ती तारीख दिसते, एक्सेलला भागाकार. एक भागिले चार भागिले दोन हजार पंचवीस, म्हणजे शून्याच्या जवळचा आकडा. प्रत्येक तारीख त्याहून मोठीच असणार, म्हणून सगळीच बिलं 'या वर्षातली' ठरतात. तारीख वेगळ्या सेलमध्ये ठेवा, किंवा =डेट(२०२५,४,१) वापरा. सेल वापरलात तर फॉर्म्युला खाली ओढण्याआधी डॉलरने तो सेल लॉक करा. नाहीतर दुसऱ्या ओळीत एच१ चा एच२ होतो आणि तुमची सुरुवातीची तारीखच सरकते.

तिसरी. समइफ्स आणि काउंटइफ्समध्ये अवतरण चिन्हांचा घोळ. ">=एच१" असं सगळं अवतरणात टाकलं की एच१ मधली तारीख वापरलीच जात नाही, ती दोन अक्षरं शोधली जातात. उत्तर शून्य. चिन्ह अवतरणात, सेल बाहेर, मध्ये अँडचं चिन्ह:

=समइफ्स(डी:डी,सी:सी,">="&एच१,सी:सी,"<"&एच२)

आणि अक्षरं झालेल्या तारखांना समइफ्स गुपचूप वगळतं, एरर देत नाही, हेही ध्यानात असू द्या. टोटल कमी आली की आधी तारखा तपासा.

चौथी चूक शेवटच्या दिवसाची. तारखेसोबत वेळही नोंदली जात असेल, उदाहरणार्थ गुगल फॉर्ममधून एंट्री होत असेल, तर वेळ हा आकड्याचा अपूर्णांक होतो. ३१ मार्च २०२५ म्हणजे ४५७४७. त्याच दिवशी संध्याकाळी ६ वाजता म्हणजे ४५७४७.७५. तुम्ही '३१ मार्चपर्यंत' म्हणालात की संध्याकाळचा टेम्पो वर्षाच्या बाहेर गेला! म्हणून मी नेहमी '१ एप्रिलच्या आधी' असं विचारतो. वरच्या दोन्ही फॉर्म्युल्यांत एच२ मध्ये शेवटच्या तारखेचा पुढचा दिवस आहे आणि चिन्ह फक्त 'पेक्षा लहान' आहे, ते याचसाठी.

आता खरा प्रश्न: मोजायचं कुठून?

समजा वरचं सगळं तुम्ही सुधारलंत. तारखा खऱ्या, फॉर्म्युला बिनचूक. तरीही शीट चुकू शकते. कारण कुठल्या तारखेपासून मोजायचं हे फॉर्म्युल्याला माहीत नसतं, ते तुम्ही ठरवायचं असतं. आणि इथेच छोट्या उद्योजकाचे सर्वात जास्त पैसे जातात.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या कलम १५ मध्ये तुमच्यासाठी नियम आहे. लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यायचे, पण ती मुदत माल किंवा काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. पर्चेस ऑर्डरवर ९० दिवस छापले म्हणून ते ९० होत नाहीत. लेखी करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. स्वीकारल्याचा दिवस म्हणजे माल प्रत्यक्ष पोचला तो दिवस. ग्राहकाने १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली असेल, तर ती हरकत तुम्ही दूर केली तो दिवस. हे दिवस कॅलेंडरचे आहेत, रविवार-सुट्टी वगळून मोजायचे नाहीत. म्हणजे नेटवर्कडेज इथे वापरू नका.

बघा, यात बिलाची तारीख कुठेच आली नाही. आणि आपल्यातले बहुतेक जण बिलाच्या तारखेपासून मोजतात!

याने काय फरक पडतो? दोन उदाहरणं घेऊ.

जॉबवर्कवाले महिनाभर चलानवर माल देतात आणि महिनाअखेरीस एकच बिल करतात. माल ५ जुलैला गेला, बिल ३१ जुलैला झालं. पोच तारखेपासून ४५ दिवस १९ ऑगस्टला भरतात. बिलापासून मोजलेत तर १४ सप्टेंबरला. तुम्ही स्वतःच्या हाताने ग्राहकाला २६ दिवसांची उधारी वाढवून दिलीत, आणि त्याने मागितलीसुद्धा नव्हती.

आता उलटं. बिल १० फेब्रुवारीला बनवलं, पण गाडी मिळाली नाही, माल २० फेब्रुवारीला गेटवर पोचला. बिलापासून ४५ दिवस २७ मार्चला संपतात, पोच तारखेपासून ६ एप्रिलला. पैसे ५ एप्रिलला आले. तुमच्या शीटमध्ये उशीर, कायद्याने वेळेत. २८ मार्चला तुम्ही भांडायला गेला असतात, तर चूक तुमची ठरली असती.

मार्चमध्ये हे जास्त टोचतं, त्यालाही कारण आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात ४३बी(एच) ही तरतूद आणली आणि ती करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झाली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल या मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च ग्राहकाला ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो. म्हणून मार्च आला की मोठ्या ग्राहकांकडून उद्यम सर्टिफिकेट आणि लेजर मागणारे मेल येतात. अशा वेळी तुमच्याकडे पोच तारखेचा कॉलम असेल तर तुम्ही पाच मिनिटांत उत्तर देता. नसेल तर त्यांच्या शीटमध्ये जे असेल ते खरं मानावं लागतं.

म्हणून माझा आग्रह आहे, शीटमध्ये तीन तारखा वेगळ्या ठेवा. चलानची, गेटवर शिक्का पडल्याची, बिलाची. आणि शिक्का मारलेल्या चलानचा फोटो ड्रायव्हरकडून त्याच दिवशी मागवा. फॉर्म्युला कितीही चांगला असू द्या, गेटवरचा शिक्का नसेल तर त्याला खायला काही नाही.

दुसरी घड्याळंही लक्षात घ्या. जीएसटीत तुम्ही घेतलेल्या मालाचे पैसे पुरवठादाराला १८० दिवसांत दिले नाहीत तर घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं, आणि हे १८० दिवस बिलाच्या तारखेपासून मोजतात. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल १ वर्षात परत यावा लागतो, तो मोजायचा पाठवल्याच्या दिवसापासून. तीन नियम, तीन वेगळ्या सुरुवाती. एकाच 'तारीख' नावाच्या कॉलमवर हे तिन्ही चालवू नका.

"सर, पण..."

मला माहितीये तुम्ही काय म्हणणार.

"टॅलीत एजिंग रिपोर्ट येतो की!" येतो, आणि चांगला येतो. पण टॅलीला बिलाची तारीख आणि तुम्ही भरलेली मुदत माहीत असते. गेटवर माल कधी पोचला हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळणार नाही.

"अकाउंटंट बघतो ते." तो महिन्यातून दोनदा येतो आणि रिटर्न भरतो. गाडी पंक्चर होऊन माल दुसऱ्या दिवशी पोचला, स्टोअरवाल्याने दहा नग परत केले, हे तुम्हाला माहीत असतं, त्याला नाही.

तिसरा प्रश्न मात्र खरा अवघड आहे. "दिवस मोजत बसलो तर पार्टी दुखावेल, पुढची ऑर्डर जाईल." ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. एका ग्राहकावर निम्मा धंदा अवलंबून असेल तर कायद्याचं कलम दाखवणं सोपं नसतं. कलम १६ नुसार उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं. कलम १८ नुसार फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येतं, त्यासाठी २०१७ मध्ये समाधान पोर्टल सुरू झालं. पण चालू ग्राहकाविरुद्ध ही पायरी चढायला माणूस दहादा विचार करतो, आणि करावाच.

माझं म्हणणं इतकंच आहे की मोजणं आणि भांडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजून गप्प बसायचं ठरवलंत तर तो तुमचा धंद्याचा निर्णय झाला. पण न मोजता गप्प बसलात तर कोण किती दिवस तुमच्या पैशावर धंदा करतोय हेच तुम्हाला कळत नाही. पुढच्या वेळी भाव ठरवताना, नवीन मशीनचं कर्ज काढताना, ही माहिती हातात हवी. आणि "साहेब, हा माल ५ जुलैला तुमच्या गेटवर आला, आज ४० दिवस झाले, पुढच्या पेमेंटच्या यादीत घ्याल का?" एवढा फोन केल्याने कुणी दुखावत नाही. तारीख नक्की माहीत असली की आवाज चढवावा लागत नाही.

एक जोडून सांगतो. या कायद्याचा फायदा घ्यायचा तर उद्यम नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवा, पैसे अडकल्यावर नको. आणि तुमचा धंदा नुसत्या खरेदी-विक्रीचा असेल तर हे नियम तुम्हाला कसे लागू होतात ते सीएला आधी विचारा. ते काम त्यांचं.

या शनिवारचा होमवर्क

शनिवारी मशीन पुसून झाली की अर्धा तास काढा.

एक, शीटमधली पाच बिलं निवडा. त्यातली निदान तीन १३ तारखेनंतरची असू द्या, आणि ८/८ सारखी तारीख घेऊ नका. चलान हातात घेऊन दिवस बोटावर मोजा. शीटचं उत्तर जुळलं पाहिजे.

दोन, तारखेचा कॉलम लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. आजच्या पुढची तारीख दिसली तर ती उलटी झालीये. तळाशी वेगळी पडलेली असेल तर ती अक्षरं आहेत.

तीन, बिलांची संख्या मोजा आणि दिवस दाखवणाऱ्या ओळींची संख्या मोजा. दोन्ही सारख्या नसतील तर काहीतरी गिळलं गेलंय.

शेंद्र्याच्या त्या गाळ्यात तिसरी तपासणी आम्ही सगळ्यात शेवटी केली होती. खरं तर ती पहिली करायला हवी होती. बिलं आणि ओळी जुळल्या तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. थकलेल्या बिलांचा आकडा सातवरून बराच वर गेला होता. पोरगा थोडा वेळ स्क्रीनकडे बघत बसला आणि म्हणाला, "सर, वाईट वाटायला पाहिजे, पण बरं वाटतंय. पैसे कुठे आहेत ते तरी कळलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्याने पहिला फोन लावला.

तुमच्या शीटमध्ये काय सापडलं ते कमेंटमध्ये नक्की लिहा. पार्टीचं नाव नको, फक्त चूक कुठे होती ते सांगा. दुसऱ्या कुणाचे तरी पैसे त्याने वाचतील.

भेटू पुढच्या व्हिडिओत.